बंद सँडविचचा साचा: कडा चिकटतात कधी आणि उघडतात का

दोन स्लाइसमध्ये सारण ठेवून ब्रेड कापणाऱ्या आणि कडा दाबून बंद करणाऱ्या, ‘सँडविच कटर अँड सीलर’ या नावानं मिळणाऱ्या साच्याबद्दल मुख्य तक्रारी दोन. कडा उघडून सारण डब्यात सांडतं, आणि निम्मा ब्रेड वाया जातो. पहिल्या तक्रारीला साचा क्वचितच जबाबदार असतो. दोष बहुतेक वेळा ब्रेडमध्ये किंवा सारण पसरण्याच्या पद्धतीत असतो. दुसरी तक्रार मात्र साचा विकत घेतला त्याच दिवशी ठरून गेलेली असते.

बंद सँडविचचा हा प्रकार गाजला तो अमेरिकेत. पीनट बटर आणि जेलीचं, म्हणजे आपल्या जॅमसारख्या पदार्थाचं, सँडविच तिथल्या मुलांच्या डब्यात कित्येक पिढ्या जातंय. नॉर्थ डकोटातल्या फार्गो इथे डेव्हिड गेस्की आणि लेन क्रेचमन यांनी १९९५ मध्ये त्याच सँडविचच्या कडा काढून, ते चहूबाजूंनी बंद करून, गोठवून शाळांना पुरवायला सुरुवात केली. १९९८ मध्ये स्मकर्स या जॅमच्या कंपनीनं त्यांचा व्यवसाय घेतला आणि ते सँडविच ‘अनक्रस्टेबल्स’ म्हणून घरोघरच्या फ्रीझरमध्ये पोचलं. डिसेंबर १९९९ मध्ये त्याला चक्क पेटंट मिळालं. पुढे वाद झाले, २००५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं पेटंटची व्याप्ती वाढवायला नकार दिला, आणि नंतर मूळ दावेही रद्द झाले. पीठ दाबून कडा बंद करणं ही काही नवी युक्ती नाही, हे दिवाळीत साच्यातल्या करंज्या करणाऱ्या कुणीही फुकटात सांगितलं असतं. जपानमध्ये तर यामाझाकी कंपनीचा ‘लंच पॅक’ हा चौकोनी बंद सँडविचचा प्रकार १९८४ पासून विकला जातोय.

पेटंट गेलं, पण त्यातली एक गोष्ट घरी करणाऱ्यांनी जरूर उचलावी. जॅम ब्रेडला कुठेच लागत नाही. वरच्या आणि खालच्या दोन्ही स्लाइसना आतून पीनट बटर, आणि जॅम त्या दोन थरांच्या मध्ये. पीनट बटरमध्ये पाणी जवळपास नसतं आणि तेल भरपूर असतं, त्यामुळे जॅममधलं पाणी ब्रेडपर्यंत पोचत नाही. मुंबईचा सँडविचवाला चटणी लावण्याआधी दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत बटर फासतो, त्यामागचं एक कारणही हेच. आपल्याला फक्त ‘कडेपर्यंत’ हा भाग बदलायचा आहे, आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं.

कडा चिकटते म्हणजे काय होतं

यात कुठलाही चिकट पदार्थ नसतो. ताज्या ब्रेडचा पांढरा भाग हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो आणि त्यात ओलावा असतो. साच्याची बोथट कड त्यावर दाबली की हवा निघून जाते, दोन स्लाइसमधला ओलसर स्टार्च आणि ग्लुटेन एकमेकांत दाबले जातात आणि दोन्ही मिळून तीन-चार मिलिमीटर जाडीची एकच पट्टी तयार होते. हीच सँडविचची शिवण. यासाठी तीन गोष्टी हव्यात: ओलावा, दाब आणि स्वच्छ पृष्ठभाग.

ब्रेड शिळा होतो तेव्हा स्टार्च पुन्हा कडक होतो. मग ब्रेड दाबला तरी उसळून परत वर येतो. ही प्रक्रिया फ्रिजच्या थंडीत, म्हणजे शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात, सर्वांत वेगानं होते. त्यामुळे या कामासाठी आणलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. एक-दोन दिवसांत वापरायचा असेल तर ओट्यावर, पिशवीचं तोंड बंद करून. जास्त दिवस लागणार असतील तर सरळ फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधल्या स्लाइस पिशवीतच पूर्ण मऊ होऊ द्या, उघड्यावर ठेवल्या तर कडेनं कोरड्या पडतात.

स्वच्छ पृष्ठभागाचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित. जिथे बटर, तेल, पीनट बटर किंवा मेयोनेझ लागलं तिथे ब्रेड चिकटणार नाही, कितीही जोर लावा. तूप लावलेल्या थाळीत वडी चिकटत नाही, तसंच. म्हणून साच्याच्या कडेपासून आत दीड सेंटिमीटर पट्टा पूर्ण कोरा ठेवायचा. त्यातला पाच-सहा मिलिमीटर शिवणीत जातो. उरलेला मोकळा ठेवायचा, कारण दाब पडल्यावर सारण बाहेर सरकतं आणि त्याला जागा लागते.

आणि ब्रेडची तपकिरी कड शिवणीत कधीही येऊ देऊ नका. ती भाजून कोरडी झालेली असते. तिला ना दबता येतं ना चिकटता. शिवणीच्या एका कोपऱ्यात जरी तपकिरी भाग आला तरी सँडविच बरोबर तिथूनच उघडतं.

साचा घेताना

बाजारात ढोबळमानानं तीन प्रकार आहेत. पहिला दोन भागांचा प्लॅस्टिकचा: खाली कडेला उंचवटा असलेली बशी, वर दाबायचं झाकण. दाबलं की कापणं आणि बंद करणं एकाच वेळी होतं. दुसऱ्यात बाहेरच्या धारदार कड्याच्या आत दट्ट्या असतो. आधी कडं दाबून ब्रेड कापायचा, मग वरचा दट्ट्या दाबून शिवण घालायची. तिसरा स्टीलचा एकसंध, बाहेर धार आणि आत नागमोडी बोथट कड.

दट्ट्याचा प्रकार सर्वांत भरवशाचा, कारण कापण्याचा आणि शिवणीचा दाब वेगवेगळा देता येतो. शिवणीला बराच जास्त जोर लागतो. एकसंध साच्यात बाहेरची धार ब्रेड पार करून पोळपाटाला टेकली की तुमचा सगळा जोर पोळपाटावर जातो. आतली बोथट कड किती खाली पोचणार हे त्या साच्याच्या मापावरच ठरलेलं असतं. म्हणून एकसंध किंवा दोन भागांचा साचा घेताना दुकानातच तो धार खाली करून सपाट टेबलावर ठेवून बघा. आतली कड टेबलापासून तीन-चार मिलिमीटरवर असेल तर ठीक. सात-आठ मिलिमीटर वर राहत असेल तर पातळ ब्रेड त्यात कधीच नीट बंद होणार नाही. ऑनलाइन घेताना हे दिसत नाही, तेव्हा परत करण्याची सोय असलेलाच घ्या.

आता वाया जाणाऱ्या ब्रेडचा हिशेब. घरी पट्टी घ्या आणि नेहमी आणता त्या ब्रेडची स्लाइस मोजा. समजा ती १० बाय १० सेंटिमीटर आहे. तिच्यातून ९ सेंटिमीटर व्यासाचा गोल काढला तर ६४ टक्केच ब्रेड सँडविचमध्ये येतो, ३६ टक्के बाजूला पडतो. त्याच स्लाइसमधून ९ सेंटिमीटरचा चौकोन काढला तर ८१ टक्के वापरला जातो. स्लाइस ११ बाय ११ ची असेल आणि साचा तोच ९ चा गोल, तर जवळजवळ निम्मा ब्रेड कडांत जातो. अस्वलाच्या, डायनासोरच्या आणि हृदयाच्या आकारांचं तर विचारूच नका. वर त्या आकारांतल्या अरुंद कानाकोपऱ्यांत शिवणीला जागाच उरत नाही, म्हणून ते उघडतातही लवकर. रोजच्या डब्यासाठी चौकोनी साचा घ्यावा, तोही गोलसर कोपऱ्यांचा. टोकदार कोपऱ्यावर दाब नीट बसत नाही, शिवाय वरून फुगीर असलेल्या ब्रेडच्या स्लाइसचे वरचे कोपरे गोल असतात आणि साच्याचा कोपरा नेमका तपकिरी कडेवर येतो. वरून सपाट असलेला, डब्यात भाजलेला सँडविच ब्रेड असेल तर हा प्रश्न येत नाही.

साचा स्लाइसपेक्षा सर्व बाजूंनी किमान अर्धा सेंटिमीटर लहान हवा. बाकी रंग, डब्याची जोड, सोबत मिळणारे ठसे हे सगळं विक्रेत्याच्या आनंदासाठी.

ब्रेड

मैद्याचा साधा किंवा मिल्क ब्रेड सर्वांत चांगला चिकटतो, मग आवडो न आवडो. गव्हाचा ब्रेडही चालतो, फक्त त्याचा पोत बारीक आणि मऊ हवा. मल्टिग्रेन ब्रेडमधले जवस, सूर्यफूल, ओट्स शिवणीत येतात आणि तिथे भोकं पडतात. ‘ब्राऊन ब्रेड’ नाव बघून पौष्टिक समजण्याआधी वेष्टनावरची यादी वाचा. पहिला घटक मैदा आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग असेल तर तो पांढराच ब्रेड आहे, फक्त रंगवलेला.

जाडी साधारण १२ मिलिमीटर असावी. त्याहून जाड, घरी कापलेल्या स्लाइस वापरल्या तर शिवणीच्या ठिकाणी दाबायला फार ब्रेड येतो आणि साचा अडतो. लाटणं हलक्या हातानं फक्त कडेनं फिरवलं तर जाड स्लाइसही वळणावर येते. पूर्ण स्लाइस लाटू नका, मग मधला भाग पापडासारखा होतो आणि जॅम त्यातून आरपार दिसायला लागतो. पाकिटातली पहिली आणि शेवटची स्लाइस बाजूला ठेवा, तिची एक पूर्ण बाजू कड आहे. सलग आलेल्या दोन स्लाइस जोडीनं वापरा, वहीच्या पानांसारख्या उघडून. त्यांचा आकार आणि भोकं जुळतात.

बेकरीतून नुकताच आलेला, आत अजून कोमट असलेला ब्रेड मोहात पाडतो, पण तो या कामाचा नाही. दाबला की गोळा होतो आणि धारेला चिकटून फाटतो. तो पूर्ण थंड होऊन काही तास गेले की मगच वापरा.

पीनट बटर-जॅमचं मूळ सँडविच

९ सेंटिमीटरच्या गोल साच्याला सारण एकूण २२ ते २५ ग्रॅम, चौकोनी साच्याला ३० पर्यंत. हा आकडा ऐकून बहुतेकांना कंजूषपणा वाटतो. पण कोरा पट्टा सोडल्यावर गोल साच्यात सारणाला जेमतेम सहा सेंटिमीटर व्यासाची जागा उरते, आणि २५ ग्रॅम सारण तिथे सात-आठ मिलिमीटर उंच होतं. त्याहून जास्त घातलं की वरची स्लाइस ताणली जाते आणि शिवण सुटते. विकतचं मूळ अनक्रस्टेबलही ५८ ग्रॅमचंच होतं, ब्रेडसकट.

दोन स्लाइस ओट्यावर शेजारी ठेवा. साचा हलकेच टेकवून, न कापता, दोन्हींवर पुसट खूण करा. आता खुणेच्या दीड सेंटिमीटर आत प्रत्येक स्लाइसवर एक सपाट छोटा चमचा पीनट बटर पसरा, मिळून साधारण १२ ग्रॅम. पीनट बटर घट्ट असेल तर ते ब्रेड ओरबाडतं. वाटी दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवली की सैल होतं. फक्त शेंगदाण्यांचं, काही न घातलेलं पीनट बटर वापरत असाल तर वर तरंगणारं तेल तळापर्यंत नीट ढवळून घ्या. ते तेल तसंच ब्रेडवर गेलं तर कडेपर्यंत पसरतं आणि शिवण बिघडवतं.

एका स्लाइसच्या मधोमध दीड छोटा चमचा जॅम, म्हणजे दहा ग्रॅम. तो पीनट बटरच्या वर्तुळाच्या आतच राहायला हवा. पातळ जॅम असेल तर पीनट बटर कडेनं थोडं उंच ठेवून मध्ये खळगा करा. जॅमऐवजी मध घालायचा असेल तर तो पीनट बटरमध्येच कालवा, एकटा मध ब्रेडमधून पाझरतो. (एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याच रूपात नको.)

दुसरी स्लाइस वर ठेवा. साचा ठेवण्याआधी तळहातानं मधोमध हलकेच थोपटून आतली हवा कडेकडून काढून टाका, नाहीतर ती बंदिस्त होते आणि सँडविच फुगून शिवणीवर ताण येतो. मग साचा कठीण, सपाट जागेवर दाबा: लाकडी फळी किंवा ओटा. सिलिकॉनची चटई किंवा घडी केलेलं फडकं खाली असेल तर दाब तिथेच मुरतो. मनगटाच्या जोरावर नाही, उभं राहून खांद्याचं वजन देऊन दाबा आणि पाच सेकंद तसंच धरा. ठोकू नका, ठोकल्यानं ब्रेड कापला जातो पण चिकटत नाही. दाब सोडल्यावर कापायची धार नीट लागली नसेल तर साचा थोडासा डावी-उजवीकडे फिरवा. शिवण घालताना मात्र फिरवायचा नाही, दाबलेला ब्रेड पिळवटून फाटतो.

बाहेर काढल्यावर कड बोटांनी चाचपून बघा. शिवण सगळीकडे सारखी पातळ आणि थोडी पारदर्शक दिसली पाहिजे. जिथे पांढरी, फुगीर दिसते तिथे काट्याचमच्याच्या टोकांनी परत दाबा. हे लगेच करायला हवं, पाच मिनिटांनी कड कोरडी झाली की उपयोग नाही.

उघडलं तर कुठे बघायचं

एकाच ठिकाणी उघडत असेल तर तिथे सारण किंवा तपकिरी कड आली आहे. सगळीकडून थोडं थोडं उघडत असेल तर ब्रेड कोरडा आहे किंवा दाब कमी पडला. ब्रेड आदल्या दिवसाचा असेल तर बोट पाण्यात बुडवून, झटकून, एका स्लाइसच्या कोऱ्या पट्ट्यावरून एकदा फिरवा. करंजीची कड लावताना जेवढं पाणी लावतो त्याहूनही कमी. जास्त झालं तर ब्रेडची लापशी होते आणि साचा उचलताना कड त्याच्याबरोबर निघून येते. ब्रेड जास्तच कोरडा असेल तर ओलसर कागदी रुमालात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये सात-आठ सेकंद द्या आणि ताबडतोब वापरा. हा मऊपणा थोडाच वेळ टिकतो.

शिवण ठीक पण पोट फाटलं, असंही होतं. सारण जास्त, किंवा ब्रेडला मोठी भोकं, किंवा लोणी थंड असताना फासल्यानं ब्रेड आधीच ओरखडलेला. घरी केल्यावर चांगलं आणि डब्यात उघडलं, असं असेल तर डबा बघा: सँडविच उभं कोंबलं जातंय का, किंवा डबा सँडविचपेक्षा लहान आहे का. कडेवर दाब आला की शिवण वाकते आणि सुटते.

आपली सारणं

गोठवायची नसलेली, सकाळी करून मधल्या सुट्टीत खायची सारणं वेगळी. नियम तोच: आधी स्निग्ध थर, मग ओलं सारण, आणि सारण जितकं कोरडं तितकं बरं.

बटाट्याची भाजी चालते, पण वड्याच्या सारणासारखी घट्ट हवी. बटाटे सालीसकट उकडा, सोलून चिरून उकडले तर पाणी शोषतात. गरम असताना कुस्करून परातीत पसरून वाफ जाऊ द्या. एका मध्यम, १०० ग्रॅमच्या बटाट्यात चार गोल सँडविचेस होतात. फोडणीत कांदा घालायचा तर पूर्ण परतून, कच्चा कांदा मिठामुळे पाणी सोडतो. आणि सारण पूर्ण थंड झाल्याशिवाय ब्रेडवर ठेवू नका. सँडविच बंद असल्यामुळे वाफेला बाहेर पडायला वाट नसते, ती आतल्या आत ब्रेडमध्ये मुरते. उघड्या सँडविचमध्ये खपून जाणारी ही घाई इथे खपत नाही.

हिरवी चटणी वाटताना पाणी घालू नका, बर्फाचा एखादा खडा पुरतो. मूठभर कोथिंबिरीला एक मोठा चमचा डाळं घालून वाटलं की चटणी बांधली जाते आणि पाणी सुटत नाही. चटणीवर चीज स्लाइस घालायची असेल तर ती पूर्ण घालता येत नाही, साच्याच्या आत मावेल एवढी दुमडावी लागते. किसलेलं चीज तर शिवणीत घुसतंच, म्हणून ते चटणीत कालवून गोळा करून मध्ये ठेवणं सोयीचं.

पीनट बटरच्या जागी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं सारण म्हणजे कूट-गूळ. चार मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचं बारीक कूट, दोन मोठे चमचे किसलेला मऊ गूळ, दोन छोटे चमचे तूप, चिमूटभर मीठ. मळून गोळा होईल एवढं घट्ट हवं. दोन-तीन सँडविचेस होतात. गूळ हवेतलं आणि ब्रेडमधलंही पाणी ओढून पाझरतो, म्हणून स्लाइसना आतून तुपाचा हलका हात हवाच. जॅमऐवजी साखरांबा उत्तम, फक्त पाक निथळून फोडी किंवा कीस तेवढाच घ्या. शेंगदाण्याची तिखट चटणी मऊ लोण्यात कालवली तर तिचंही पीनट बटरसारखंच काम होतं.

काकडी आणि टोमॅटो बंद सँडविचमध्ये घालू नयेत, या मताशी कितीही वाद घाला. मीठ लागलं की ते पाणी सोडतात आणि बंद पिशवीत ते पाणी जाणार कुठे. काकडी हवीच असेल तर वेगळी द्या.

अंडं, चिकन, पनीर, मेयोनेझ यांना वेळेचा नियम लावा: फ्रिजबाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मार्च-एप्रिलच्या दुपारच्या शाळेत बर्फाच्या पिशवीशिवाय ही सारणं देऊ नयेत. पीनट बटर-जॅम आणि कूट-गूळ यांना हा धोका फारच कमी, म्हणून तर डब्यासाठी तीच बरी. पण शेंगदाण्याची ॲलर्जी हा गंभीर विषय आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणायलाच बंदी असते, आपल्याकडेही काही शाळा आता तसं कळवतात. तिथे सूर्यफुलाच्या बियांचं बटर त्याच मापानं चालतं. चार वर्षांखालच्या मुलांना पीनट बटरचा जाड गोळा घशात अडकू शकतो, त्यांच्यासाठी थर पातळच ठेवा.

गोठवणं आणि डबा

या साच्याचा खरा फायदा गोठवण्यात आहे. रविवारी एका ब्रेडची सँडविचेस करून ठेवली की आठवडाभराची सकाळ सुटते. ताटात बटर पेपरवर एकमेकांना न लागता एका थरात ठेवा आणि दोन तास उघडी गोठवा. कडक झाली की एकेक गुंडाळून, हवा काढून, झिपच्या पिशवीत. आधीच पिशवीत घातली तर एकमेकांच्या वजनानं दबतात आणि चिकटतात. उणे १८ अंशांवर महिनाभर चव चांगली राहते. नंतर ती खराब होत नाहीत, पण ब्रेड कडेनं कोरडा पडतो.

गोठवायला चालतं: पीनट बटर, जॅम, कूट-गूळ, चीज, चॉकलेट स्प्रेड. चालत नाही: बटाटा, कारण वितळताना त्यातलं पाणी सुटतं आणि तो रवाळ होतो, मेयोनेझ, ते फुटतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, तो रबरासारखा होतो.

सकाळी गोठलेलंच सँडविच डब्यात टाका. खोलीच्या तापमानाला ते अर्धा ते एक तासात मऊ होतं, मधल्या सुट्टीपर्यंत आरामात. वितळताना गार ब्रेडवर दव जमतं, म्हणून प्लॅस्टिकचं आवरण काढून कागदी रुमालात गुंडाळा. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात हे जास्तच महत्त्वाचं, झाकणाखाली जमलेलं पाणी ब्रेडवरच पडतं. मायक्रोवेव्हमध्ये घाईनं वितळवू नका. ब्रेड गार असतानाच जॅम उकळत्या तापमानाला पोचतो आणि बंद असल्यामुळे तो मुलाच्या तोंडातच उघडतो.

गरम हवं असेल तर तव्यावर मंद आचेवर, दोन्ही बाजूंना लोणी लावून, दोन-दोन मिनिटं. चीजच्या सँडविचला हे शोभतं. खरं सांगायचं तर नेहमी गरमच खाणार असाल तर साच्याची गरज नाही. गॅसवर धरायचा तो दांड्याचा जुना टोस्टर कडा दाबून बंदच करतो, आणि उष्णतेमुळे त्याची शिवण आपल्या थंड शिवणीपेक्षा पक्की होते. साच्याचं काम गार सँडविचचं आहे.

साचा नसेल तर

दोन वाट्या पुरतात. लहान वाटीची कड जाड आणि बोथट हवी, मोठीची पातळ. आधी लहान वाटी उपडी ठेवून, न फिरवता, जोरानं दाबा, मग मोठी वाटी तिच्याबाहेर ठेवून कापा. दोन्हींमध्ये अर्ध्या सेंटिमीटरचा पट्टा राहिला पाहिजे, तो काट्याच्या टोकांनी सभोवार दाबून घ्या. वेळ दुप्पट लागतो पण शिवण साच्याइतकीच चांगली बसते. आठवड्यातून एकदाच करणार असाल तर साचा घेण्यात अर्थ नाही.

उरलेल्या कडा

सारण मध्येच असल्यामुळे कडा कोऱ्या निघतात. त्या त्याच दिवशी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, भरपूर साठल्या की एकदम वापरा. १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं पसरून वाळवल्या आणि मिक्सरमध्ये फिरवल्या की कटलेटसाठी चुरा तयार. तुकडे करून राई, कढीपत्ता, हळद, दाण्यांच्या फोडणीत मंद आचेवर कुरकुरीत परतले तर ब्रेडचा चिवडा होतो. मऊच वापरायच्या असतील तर कांद्याच्या फोडणीतला ब्रेडचा उपमा. जपानमध्ये यामाझाकी कंपनी लंच पॅकच्या उरलेल्या कडांचे गोड रस्क करून विकते. घरी तेच करायचं तर वितळलेलं लोणी आणि पिठीसाखर लावून १५० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं.

साचा धुताना दट्ट्याच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला चुरा जुन्या टूथब्रशनं काढा, ओला राहिला तर त्याला बुरशी येते. प्लॅस्टिकच्या साच्यावर उकळतं पाणी ओतू नका, कड थोडी जरी वाकली तरी शिवण एका बाजूनं कच्ची राहायला लागते. पूर्ण वाळल्यावरच ड्रॉवरमध्ये ठेवा, आणि धार खाली करून.